बी.कॉम. झालंय, टॅली येतं. पुढे सीए, कंपनीतले अकाउंट्स की फायनान्शियल प्लॅनिंग? (ठाणे-नवी मुंबई)

कळवा_बीकॉम

नमस्कार. मुंबई विद्यापीठाचं बी.कॉम., ५८ टक्के. सध्या वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्यात खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवण्याचं काम आहे. जीएसटी, टीडीएस बाहेरचे सल्लागार बघतात, त्यामुळे बिल चढवल्यानंतर पुढे त्याचं काय होतं ते दिसत नाही. काही प्रश्न आहेत:

सीए डायरेक्ट एंट्रीने करावं की नोकरी सांभाळून दुसरं काही? रबाळे-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांत जायचं तर नेमकं काय यायला हवं? टॅलीच्या 'ॲडव्हान्स' कोर्सची फी भरावी का? आणि ओळखीतले लोक एसआयपी कुठे करू म्हणून विचारतात. सल्ल्याचे पैसे घेता येतात का, की त्याला परवाना लागतो?

टीटीसी_लेजर

कोर्सची फी सध्या तरी भरू नका. टॅलीत एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ परचेस एवढं हाताला बसलं असेल तर सॉफ्टवेअर तुम्हाला आलेलं आहे. राहिलंय ते एक अख्खा महिना स्वतः बंद करणं. मुलाखतीत तेच तपासतात. एन्ट्री करणारी माणसं भरपूर मिळतात, महिना बंद करून देणारी शोधावी लागतात.

महिन्याचं चक्र असं: ७ तारखेला मागच्या महिन्याचा टीडीएस (पैसे देताना कापून ठेवलेला आयकर) भरायचा (मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत). ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न). १४ ला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणारी आपल्या क्रेडिटची यादी) तयार होतो. १५ ला पीएफ आणि ईएसआयसी. २० ला ३बी (कर भरण्याचं रिटर्न). उलाढाल ५ कोटींच्या आत असून तिमाही रिटर्न घेतलं असेल तर तारखा बदलतात: आर-१ तिमाहीनंतरच्या १३ ला, महाराष्ट्रात ३बी २२ ला, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ ला. तारखा कोणीही पाठ करतो. त्या तारखेआधी काय जुळवून ठेवायचं, हे शिकायचं आहे.

नवीन माणूस हमखास अडकतो तो टीडीएसमध्ये. समजा तुमच्या कारखान्याने जॉबवर्कचं १,००,००० रुपयांचं बिल केलं, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. समोरची पार्टी १,००,००० वर टीडीएस कापते, कारण जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असतो. तुमची फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के, मालकी व्यवसाय असेल तर १ टक्का. २ टक्के धरले तर बँकेत येतात १,१६,०००. रिसीट १,१६,००० ची टाकून पुढे गेलात की पार्टीच्या खात्यावर २,००० लटकत राहतात. असं बारा महिने, पंधरा पार्ट्यांबरोबर झालं की मार्चमध्ये येणी फुगलेली दिसतात आणि २६एएसमधला (आपल्या पॅनवरच्या टीडीएसची आयकर खात्याकडची नोंद) टीडीएस पुस्तकांत कुठेच नसतो. रिसीट टाकतानाच 'टीडीएस येणे' खात्याला २,००० नावे करायचे आणि दर तिमाहीला हे खातं २६एएसशी पार्टीवार ताडून बघायचं. पार्टीने चुकून १,१८,००० वर कापला असेल तर २,३६० दिसतील. पॅन चुकीचा टाकला असेल तर काहीच दिसणार नाही. तिमाहीतच कळलं तर पार्टी रिटर्न दुरुस्त करून देते. वर्ष उलटल्यावर तिच्या मागे लागणं फार जड जातं.

उलट बाजूनेही शिका, म्हणजे तुमच्या कारखान्याने दुसऱ्याचा टीडीएस कापणं. उशिरा कापला तर महिन्याला १ टक्का, कापून उशिरा भरला तर दीड टक्का व्याज. हे व्याज महिन्याच्या तुकड्यालाही पूर्ण महिना धरून लागतं, म्हणून ७ चं ८ तारखेवर गेलं तरी दोन महिन्यांचं पडू शकतं. आणि कलमांचे आकडे घोकू नका. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. १९४सी, १९४जे वगैरे जुन्या टीडीएस कलमांची जागा कलम ३९३ मधल्या तक्त्यांनी घेतली आणि 'कर वर्ष' हा शब्द आला. कारखान्यातली बोलीभाषा अजून काही वर्षं जुन्या आकड्यांचीच राहील, त्यामुळे दोन्ही माहीत असू द्या, पण कापणी कशावर, किती आणि कधी हे पक्कं हवं.

जीएसटीत तीन ठिकाणी लक्ष ठेवा. पहिलं, क्रेडिटची (खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीची) आडवी भिंत: सीजीएसटीचं (केंद्राचा हिस्सा) क्रेडिट एसजीएसटीला (राज्याचा हिस्सा) चालत नाही, आणि आयजीएसटीचं (दुसऱ्या राज्याशी झालेल्या व्यवहाराचा कर) क्रेडिट आधी संपवावं लागतं. दुसरं, ट्रकचं भाडं. ट्रान्सपोर्टरने स्वतः कर लावला नसेल तर ५ टक्के जीएसटी आपण भरायचा, तोही कॅश लेजरमधून (पोर्टलवर रोख भरलेल्या पैशांतून), क्रेडिटमधून नव्हे. तो भरला की त्याचं क्रेडिट घेता येतं, पण बहुतेक लहान कारखान्यांत भाड्याची व्हाउचरं 'माल वाहतूक खर्च' म्हणून जातात आणि हा कर राहून जातो. तिसरं, पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. त्यासाठी देणेकऱ्यांचा वयवार तक्ता दर महिन्याला काढायचा.

त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घाला: उद्यम नोंदणी. वागळेत आणि टीटीसीत (रबाळे-महापेचा औद्योगिक पट्टा) जॉबवर्कवाले बरेचसे सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतात. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ही मुदत ओलांडली आणि ३१ मार्चला ती रक्कम बाकी असली तर खर्च त्या वर्षी मान्य होत नाही, पैसे दिल्याच्या वर्षी होतो. मालकाला ही यादी फेब्रुवारीतच हातात दिलीत तर तो कोणाला आधी पैसे द्यायचे ते ठरवू शकतो. ऑडिटच्या वेळी ती देऊन उपयोग नाही.

आर्टिकल_ते_फायनल

५८ टक्के असतील तर डायरेक्ट एंट्रीचा दरवाजा उघडा आहे. वाणिज्य पदवीधरांना ५५ टक्के लागतात. फाउंडेशन वगळून थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण) दोन वर्षांची आहे आणि इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर ती सुरू होते. ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला मिळतात, मग फायनल. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपची सरासरी ५० टक्के लागते. ही सरासरीच जास्त जणांना मागे खेचते. सगळ्या पेपरांत ४३-४४ मिळवणारा विद्यार्थी नापासच होतो, त्यामुळे ज्या विषयात हात चांगला आहे तिथे ६० च्या वर नेण्याची तयारी ठेवा.

नोकरी आणि आर्टिकलशिप एकाच वेळी होत नाही. म्हणून आधी हिशेब घरच्या पैशांचा मांडा: इंटरच्या अभ्यासाचे महिने, मग दोन वर्षं स्टायपेंडवर. हे जमणार नसेल तर पगार चालू ठेवून सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटर करता येतं, पदवीधराला तिथेही फाउंडेशन द्यावं लागत नाही. कारखान्यात असाल तर कॉस्टिंगचा अभ्यास रोजच्या कामाशी जुळतो.

सीए न होता स्वतःचं काम करायचं असेल तर मर्यादा आधीच समजून घ्या. वाणिज्य पदवीवर पीसीटी-०१ फॉर्म भरून जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते आणि ग्राहकाच्या संमतीने त्याची रिटर्न्स भरता येतात. टॅक्स ऑडिटवर सही मात्र फक्त सीएची. 'ऑडिट आमच्याकडे करून मिळेल' असं कार्डावर छापू नका.

ऑफिस निवडताना नाव मोठं की लहान यापेक्षा काम काय मिळणार ते विचारा. नौपाड्यातलं किंवा वाशीतलं सहा-सात जणांचं ऑफिस तुम्हाला दोन वर्षांत ऑडिट, रिटर्न, नोटिशीचं उत्तर, सगळं दाखवू शकतं. मोठ्या फर्ममध्ये दोन वर्षं एकाच प्रकारचं व्हाउचिंग (बिलं-पावत्या तपासणं) करावं लागण्याची शक्यता असते, पण तिथे कंपन्यांच्या ऑडिटची शिस्त लागते.

घोडबंदर_हिशेब

सोसायट्यांचे हिशेब हा पर्याय वर कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर... सोसायट्यांना तोटा नाही आणि त्यांना नीट हिशेब ठेवणारा माणूस सहज मिळत नाही. संध्याकाळी आणि रविवारी करण्यासारखं काम आहे. आर्टिकलशिप घेणार नसाल तर इथून सुरुवात करा.

वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं: ३१ मार्चला पुस्तकं बंद, ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा. लेखापरीक्षक सभेने शासनाच्या नामिकेतून (मान्य यादीतून) नेमायचा असतो. ऑडिटनंतर दोषदुरुस्ती अहवाल 'ओ' नमुन्यात द्यावा लागतो. तो बऱ्याच सोसायट्या देतच नाहीत आणि मग दरवर्षी तेच आक्षेप पुन्हा येतात. आय आणि जे रजिस्टर (सभासदांची नोंदवही आणि यादी) अद्ययावत आहे का, हे काम घेतानाच बघा.

बिल बनवताना सर्रास होणारी चूक म्हणजे सगळी रक्कम चौरस फुटांवर वाटणं. उपविधींप्रमाणे सेवा शुल्क आणि लिफ्टचा खर्च प्रत्येक सदनिकेला सारखा, पाणी नळांच्या संख्येवर, मालमत्ता कर प्रत्यक्षाप्रमाणे. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. एका सदनिकेचा बांधकाम खर्च २० लाख धरला तर सिंकिंग वर्षाला ५,००० म्हणजे महिन्याला साधारण ४१७, आणि दुरुस्ती निधी १५,००० म्हणजे महिन्याला १,२५०. सिंकिंगचे पैसे वेगळ्या मुदत ठेवीत आहेत का, की रोजच्या खर्चात विरघळलेत, ते ताळेबंदाच्या दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं: निधी १८ लाख आणि ठेवी ६ लाख असतील तर उरलेले कुठे गेले, हे समितीला विचारायचंच.

थकबाकीवर व्याज वर्षाला कमाल २१ टक्के, आणि सरळ व्याज. व्याजावर व्याज लावणारं सॉफ्टवेअर वापरात असेल तर पहिल्याच महिन्यात ते सेटिंग बदला. नाहीतर थकबाकीदार उपनिबंधकांकडे गेला की पूर्ण वसुली अडते.

जीएसटीबद्दल समित्यांचा गोंधळ असतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि सदस्याची महिन्याची वर्गणी ७,५०० च्या वर, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच देखभालीवर कर. ९० सदनिका, प्रत्येकी ६,८०० महिना म्हणजे वर्षाला ७३,४४,००० झाले, तरी वर्गणी ७,५०० च्या आत असल्याने देखभालीवर कर नाही. पण गच्चीवर मोबाइल टॉवर किंवा होर्डिंग असेल तर त्याचं भाडं करपात्र आहे. आणि नोंदणीची मर्यादा मोजताना करमाफ रकमाही धरतात, म्हणून या सोसायटीला टॉवरचं भाडं वर्षाला एक लाख असलं तरी नोंदणी लागते का ते तपासून घ्यावं लागतं. हे समितीला लेखी कळवा, तोंडी सांगून सोडू नका.

आयकराचं रिटर्नही असतंच, आयटीआर-५ मध्ये. सहकारी बँकेतल्या ठेवींच्या व्याजावरची वजावट मागायची असेल तर रिटर्न मुदतीत गेलं पाहिजे. मुदत चुकली की वजावट गेली.

सीवूड्स_नियोजन

गुंतवणुकीच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: सल्ल्याचे पैसे घ्यायचे तर सेबीची नोंदणी लागते. दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकांत मिसळायच्या नाहीत.

म्युच्युअल फंडांचा वितरक व्हायचं तर एनआयएसएमची (सेबीची प्रशिक्षण संस्था) सिरीज ५-ए परीक्षा: १०० गुण, दोन तास, ५० ला पास, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. मग ॲम्फीकडून (फंड कंपन्यांची संघटना) एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक. तुम्हाला कमिशन फंड कंपनी देते, रेग्युलर प्लॅनच्या (वितरकामार्फत घेतलेल्या योजनेच्या) खर्चातून. ग्राहकाकडून सल्ल्याची फी घ्यायची नाही.

दुसरी वाट नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराची. १०-ए आणि १०-बी या परीक्षा, प्रत्येकी ६० टक्क्यांना पास. डिसेंबर २०२४ च्या बदलांनंतर अनुभवाची अट गेली आणि नेटवर्थऐवजी ठेव आली. १५० ग्राहकांपर्यंत एक लाख रुपये. इथे फी ग्राहक देतो आणि कमिशन अजिबात घ्यायचं नाही. एनआयएसएमचं मोठं आवार पाताळगंगेला आहे, पण परीक्षा जवळच्या केंद्रावर देता येते, त्यासाठी तिथवर जावं लागत नाही.

कमिशनचा ग्राहकावर काय परिणाम होतो ते आकड्यांत समजून घ्या, कारण कधीतरी तो तुम्हाला विचारणारच. महिना १०,००० ची एसआयपी, २० वर्षं. परतावा ११ टक्के धरला तर साधारण साडेशहाऐंशी लाख, १० टक्के धरला तर सुमारे ७६ लाख. खर्चातला एक टक्का शेवटी साडेदहा लाखांचा होतो. वितरक त्या बदल्यात कागदपत्रं, वारस नोंदणी, बाजार पडल्यावर एसआयपी बंद होऊ न देणं हे सगळं करत असेल तर ते त्याचं मोल आहे. नुसता फॉर्म भरून देत असेल तर नाही. यातलं आपण काय करणार ते आधी ठरवा, मग वाट निवडा.

अकाउंट्सचा माणूस या कामात पुढे असतो तो कराच्या बाजूने. एक नेहमीचं उदाहरण देतो. नव्या करपद्धतीत पगारातून ७५,००० वजा होऊन उत्पन्न १०,५०,००० उरलं आणि शेअर विकून अल्प मुदतीचा १,००,००० नफा झाला. एकूण ११,५०,०००, म्हणजे बारा लाखांच्या आत, म्हणून लोक शून्य कर धरून बसतात. पगारावरचा ४५,००० कर सवलतीत जातो हे खरं. पण त्या एक लाखावर २० टक्के कर आहे आणि त्याला ती सवलत मिळत नाही. उपकर धरून २०,८०० भरावे लागतात. एकूण कर १०,००० च्या वर गेल्याने आगाऊ कराचे हप्तेही लागू होतात: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. मार्चमध्ये शेअर विकण्याआधी हे सांगणारा माणूस ग्राहकाला हवा असतो.

कोणालाही फंडाचं नाव सुचवण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: घरावर किती जण अवलंबून आहेत, सहा महिन्यांचा खर्च हाताशी आहे का, मुदत विमा आणि आरोग्य विमा किती आहे, कर्जं कुठली आणि किती व्याजाने. क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेल्याला एसआयपी सुरू करून देणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे.

कळवा_बीकॉम

खूप आभार. सोसायटीच्या कामाचा विचार कधीच केला नव्हता, दोन ठिकाणी बोलून बघतो. टीटीसी_लेजर, मुलाखतीत नेमकं काय विचारतात? आणि आमच्या सल्लागारांकडून २बी ची एक्सेल फाइल मागून घेतली. पण आमच्या खरेदी रजिस्टरशी ताडायला गेलो तर बिल नंबर जुळतच नाहीत, अर्ध्याहून जास्त ओळी 'सापडत नाही' म्हणून येतात.

टीटीसी_लेजर

मुलाखतीचं आधी. कारखान्यांत व्याख्या क्वचित विचारतात, प्रसंग देतात. १ जानेवारीला वर्षभराचा ३६,००० विमा भरला, ३१ मार्चला काय करणार? (९,००० खर्च, २७,००० आगाऊ.) माल परत आला, क्रेडिट नोट कुठल्या महिन्याच्या आर-१ मध्ये? बँकेत ४०,००० आले, कोणाचे ते कळत नाही, कुठे टाकाल? याचं उत्तर सस्पेन्स खातं, पण ते महिनाअखेर शून्य कसं कराल हेही सांगता आलं पाहिजे. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांतल्या कंपन्यांत काम तुकड्यांत वाटलेलं असतं: देणी वेगळी, येणी वेगळी, जनरल लेजर वेगळं. तिथे एसएपीची (मोठ्या कंपन्यांत वापरतात ते सॉफ्टवेअर) सवय आणि एक्सेल बघतात. उरण-न्हावा शेवा बाजूला क्लिअरिंग-फॉरवर्डिंगवाल्यांकडे (बंदरातून माल सोडवून देणाऱ्यांकडे) गेलात तर आयातदाराच्या वतीने भरलेले खर्च आणि स्वतःची फी बिलात वेगळी दाखवणं हा कळीचा मुद्दा. बंदर किंवा शिपिंग लाइनची पावती आयातदाराच्या नावावर नसेल तर ती रक्कम फीमध्येच धरली जाऊन तिच्यावरही जीएसटी लागू शकतो.

आता बिल नंबर. पुरवठादार पोर्टलवर 'एबी/००१२/२५-२६' टाकतो आणि तुमच्याकडे कोणीतरी नुसतं '१२' चढवलेलं असतं. एक्सेलला ती दोन वेगळी बिलं वाटतात. असं करा:

दोन्ही याद्यांत एक नवा रकाना घ्या. एक्सेलचं सब्स्टिट्यूट सूत्र वापरून तिरपी रेघ, आडवी रेघ आणि रिकामी जागा काढून टाका, अप्पर सूत्राने सगळी अक्षरं मोठी करा. त्याच्या आधी पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक जोडा. हा जोड दोन्हीकडे सारखा आला की एक्सलुकअप (दुसऱ्या यादीत शोधणारं सूत्र) लावा. यात बरीच बिलं जुळतील.

उरलेल्यांसाठी दुसरी फेरी: जीएसटी क्रमांक, करपात्र रक्कम आणि महिना, बिल नंबर सोडून. रक्कम आधी पूर्ण रुपयांत गोल करा, पैशांच्या फरकामुळे जुळणी चुकते. या फेरीत जुळलेलं प्रत्येक बिल डोळ्यांनी बघायचं, कारण एकाच पुरवठादाराची सारख्या रकमेची दोन बिलं असू शकतात.

तरीही जे उरेल त्याचे तीन ढीग करा. आपल्याकडे आहे, २बी त नाही: पुरवठादाराने आर-१ भरलेला नाही किंवा दुसऱ्याच्या क्रमांकावर टाकला. हे क्रेडिट आता घ्यायचं नाही, त्याला मेल टाकायचा. २बी त आहे, आपल्याकडे नाही: बिल स्टोअरमध्ये किंवा साइटवर पडून आहे, नाहीतर ते आपलं नाहीच, नसेल तर पोर्टलवरच्या आयएमएसमध्ये (बिलं स्वीकारायची-नाकारायची सोय) नाकारा. दोन्हीकडे आहे पण कर वेगळा: बहुतेक वेळा तुमच्याकडे सीजीएसटी-एसजीएसटी चढलंय आणि पुरवठादार गुजरातचा असल्याने तिथे आयजीएसटी आहे. ही तुमच्या एन्ट्रीची चूक, टॅलीत लेजरमधलं राज्य तपासा.

मार्चची बिलं वेगळ्या रंगात ठेवा. २८ मार्चचं बिल पुरवठादाराने एप्रिलच्या आर-१ मध्ये टाकलं तर ते एप्रिलच्या २बी त येईल, म्हणजे खर्च एका वर्षात आणि क्रेडिट पुढच्या वर्षात. ही यादी जपून ठेवली नाही तर वार्षिक रिटर्नच्या वेळी फरक शोधत बसावं लागतं, आणि मागच्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट घ्यायला जास्तीत जास्त ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तेवढीही नाही.

एक महिन्याची फाइल अशी पूर्ण करा आणि उरलेल्या ओळी इथे टाका. पुरवठादारांची नावं आणि क्रमांक मात्र काढून टाका.